पडवीला भिंत

बा, धाकट्याचं पत्र येऊन पडलंय. त्याला उत्तर काय लिहायचं ते ठरत नाही, म्हणून आज सुट्टीचा दिवस बघून आधी तुलाच लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं आणि मी चौथीतून शाळा सोडलेली, तेव्हा आपल्या दोघांत चुका कोण काढणार आहे! इथे बहरीनला सुट्टी शुक्रवारची. खोलीतले बाकीचे बाजारात गेलेत. आमच्या खोल्या म्हणजे एका रांगेत ओढलेली लांब भिंत, दाराला दार लागून, आणि दार उघडलं की एकदम वाळू. मध्ये ओटा नाही, छप्पर नाही, काही नाही. मी भिंतीच्या सावलीला टेकून बसलोय. सावली सरकते तसा मीही कागद घेऊन सरकतो. दुसऱ्यांच्या घरांना सावल्या बांधायच्या हेच माझं काम, आणि स्वतः बसायचं ते असं.

धाकट्याचं लग्न झालं. मुलगी खडवलीची, घरची भातशेती, माणसं बरी. मी लग्नाला नव्हतो. जहाजाचं जमत नाही म्हणून कळवलेलं. थोरला बिनलग्नाचा आणि धाकटा बोहल्यावर, म्हणजे गावानं आयला किती ऐकवलं असेल ते तू समजून घे. पण आता भलतंच होऊन बसलंय. सून माहेरी गेली ती येत नाही. भांडण झालं नाही, कुणी हात उगारला नाही. तिचं म्हणणं एवढंच, मला दार असलेली एक खोली द्या, मी उद्या येते. आपलं घर म्हणजे आत एक माजघर, मागे चूल आणि पुढे तू बांधलेली पडवी. पावसाळा उलटून गेला तरी नवरा पडवीत आणि बायको माजघरात सासूशेजारी. पहाटे तिला बाहेर जायचं तर पडवीत निजलेल्या बाप्यांच्या पायांवरून उडी मारून जायचं. कधी मिठागरावरचे दोघे, कधी भरतीची वाट बघणारा होडीवाला. धाकट्यानं लिहिलंय, "दादा, ती म्हणते तुमच्या घरात दार उघडलं की माणसं. मी तरी काय बोलू? खरंच आहे." म्हणून त्याला पडवीला भिंत घालून खोली करायचीय. आणि आय आडवी आलीय. म्हणते, पडवी थोरल्याची हाय, तो आला तं निजंल कुठं? त्याचा शब्द आन, मंग काय ती भिंत घाल. धाकट्यानं शेवटी लिहिलंय, "हो लिही नाहीतर नाही लिही, पण लिही दादा. सासरा परत विचारायला यायच्या आत लिही."

आता तूच बघ. एका पोराचा संसार माझ्या एका ओळीवर अडकून पडलाय, आणि मी इथे सावलीच्या मागे मागे फिरतोय.

ती पडवी तू कशी बांधलीस ते मला आठवतं, कारण तेव्हाच मी पहिला मार खाल्ला. वळचण इतकी खाली घेतलेलीस की दारात येणाऱ्याला वाकूनच यावं लागायचं. मी तेव्हा उंचीला वाढत चाललेलो. एकदा कपाळमोक्ष झाला तेव्हा रागानं म्हटलं, "छप्पर वर कर ना हातभर, लोकांची डोकी फुटतील." तू कौलं लावत होतास. वरूनच म्हणालास, "छप्पर वर केला तं पाऊस आत येल, ऊन आत येल. तू वाकलास तं तुझा काय जाल रं?" मी तरी तोंड वर करून बोललो की पाटलाच्या ओटीचं छप्पर उंच आहे. तेव्हा तू खाली उतरलास, पाठीत एक घातलीस आणि परत चढलास. आय चुलीपाशी मासळी साफ करत होती, ती तिथूनच ओरडली, "मारायला खाली उतरलाव? वरशीच कौल टाकाचा व्हता त्याच्या डोक्यात." तू हसलास. मग तिघेही हसलो. मी रडत हसत होतो.

आणि दुसरी गोष्ट, जी तू कधी बोलून दाखवली नाहीस पण जिच्यावर आपलं सगळं गाव चालायचं. पडवीत येऊन बसणाऱ्याला कोण, कुठला, का आलास हे विचारायचं, पाणी द्यायचं, पण कधी जाणार हे विचारायचं नाही. तो आपण होऊन उठेल तेव्हा उठेल. कोळणी टोपल्या टेकवून बसत, मिठागरावरची माणसं दुपारी पाठ टाकत, एक म्हातारा तर तीन पावसाळे राहून गेला, विचारूनही त्याचं नाव आपल्याला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. घराचं दार बंद असलं तरी पडवी उघडी. मला लहानपणी वाटायचं की घर आपलं आहे आणि पडवी गावाची आहे. सुनेची तक्रार वाचली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की आयनं आणि आजीनंही अशाच उड्या मारल्या असतील. त्या बोलल्या नाहीत, ही बोलली.

इथे साहेब लोकांच्या बंगल्यांना मी व्हरांडे बांधतो. सुरुवातीला नुसता फळ्या वाहायचो. मग फोरमननं पाहिलं की मला दुपारी ऊन कुठून येईल ते आधीच कळतं. तो मंगळूरकडचा आहे, आमचं दोघांचं हिंदी सारखंच मोडकं. नवीन काम आलं की मला घेऊन जातो आणि म्हणतो, "चल, पहले सूरज को देख." उन्हाळ्यात इथली हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर पडते, आणि उत्तरेकडून वारा सुटला की वाळू घेऊन येतो. म्हणजे वारा हवा आणि वाळू नको. मडमेला बसायला जागा हवी, पण माश्या नकोत, म्हणून जाळी. जाळी लावली की वारा अर्धा होतो, मग छप्पर जरा वर घ्यावं लागतं, म्हणजे गरम हवा डोक्यावर राहील. इथले गरीब लोक खजुरीच्या झावळ्यांच्या झोपड्या करतात. आपल्या झापांसारख्याच, फक्त विणीत फट ठेवतात. मी ती वीण शिकून घेतली आणि एका साहेबाच्या व्हरांड्याला पश्चिमेच्या बाजूनं तसा पडदा केला. मडम खूश झाली. आता शेजारची मडमही तसाच मागते. काम चांगलं चाललंय, बा. पण हल्ली एखादं छप्पर पुरं झालं की मी त्याच्याखाली एक क्षणही थांबत नाही. हत्यारं गोळा करतो आणि निघतो.

ऊन आधी बघायचं हे मी तुझ्याकडून शिकलो असं मी फोरमनला सांगितलंय. ते पुरतं खरं नाही. तुझ्याकडून शिकलो हे खरं, पण कसं ते त्याला सांगितलं नाही. कल्याणचं ते काम तुला आठवत असेलच. देशाची फाळणी झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. कल्याणच्या पलीकडे लष्कराची रिकामी छावणी होती, तिथे सिंधकडून आलेली माणसं आणून ठेवलेली. लांबलचक बराकी, मध्ये पडदे लावून एकेका कुटुंबाला एकेक तुकडा. छपरं पत्र्याची. दुपारी आत माणूस भाजून निघायचा. कुणीतरी तुझं नाव सांगितलं आणि आपण बांबू आणि झाप होडीत घालून भरतीबरोबर आपल्या कोलशेतहून निघालो. कल्याणच्या बंदराला उतरलो, तिथून बैलगाडी. होडीत तू पुढे बसलेलास, विडी ओढत, दोन्ही काठ बघत. तू खाडीच्या वर इतक्या लांब कामाला कधी गेला नव्हतास. मी मागे बसून तेच बघत होतो की ही खाडी अजून कुठवर जाते, आणि तिच्या पुढे काय आहे.

बराकीतली म्हातारी आपल्याला बघताच आत गेली आणि भाजलेला पापड आणि पाणी घेऊन आली. तू पापड हातात धरून माझ्याकडे बघितलंस. "जेवान नाय, नुसता पापड?" असं हळूच म्हणालास. मी म्हटलं, "खा गुपचूप, त्यांची रीत असंल." तू खाल्लास, आणि मग आणखी एक मागून घेतलास. म्हातारी हसली. तिच्या घरात तिचा नवरा होता, तो खाटेवर पडून असायचा, आणि एक विधवा सून. मुलाबद्दल कुणी बोललं नाही, आपणही विचारलं नाही. म्हातारीला घरापुढे छप्पर हवं होतं, जिथे म्हाताऱ्याची खाट ठेवता येईल आणि बाजूला चूल मांडता येईल. त्यांच्या तुकड्याला दोन्हीकडे दारं होती. तू उभा राहून मला विचारलंस, "खाडी कुठल्या अंगाला रं?" मी हात केला. तू म्हणालास, "मंग पडवीचा तोंड तिकरंच."

आपल्या गावात सगळ्या पडव्यांची तोंडं खाडीकडे. तुझ्या बानं तसंच केलं, त्याच्या बानं तसंच केलं. खाडीकडे तोंड म्हणजे वारा, खाडीकडे तोंड म्हणजे येणारी होडी दिसणार. आपण दोघांनी खड्डे खणले, खांब उभे केले, झापांचं पाखं चढवलं, वळचण खाली घेतली. दुपारी म्हाताऱ्याची खाट बाहेर आणली. म्हातारा पडून राहिला. हळूहळू ऊन वळचणीखालून आत शिरलं, आधी पायांवर, मग पोटावर, मग तोंडावर. त्यानं हातानं डोळे झाकले. म्हातारी कमरेवर हात ठेवून तुझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मिस्त्री, यह छत हमारे लिए बनाई या सूरज के लिए?"

आणि मी हसलो. मोठ्यानं हसलो.

तू झावळ्यांचा पडदा सोडून बघितलास. ऊन थांबलं. म्हातारी म्हणाली, "अब हवा किधर से आएगी? संदूक में बंद किया हमको." तू बाहेर जाऊन उभा राहिलास. पश्चिमेकडे बघत. मला अजून तू तसाच पाठमोरा दिसतोस. गावात खाडी उगवतीला आहे, म्हणून खाडीकडे तोंड केलं की दुपारचं ऊन आपोआप पाठीमागे जातं. कल्याणच्या छावणीत खाडी मावळतीला. तुला खाडी माहीत होती. ऊन माहीत नव्हतं, कारण गावात ते तुला कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी तुझ्याबरोबर काम करायला लागलो तेव्हापासून मला वाटायचं की तुला सगळं ठाऊक आहे. त्या दुपारी कळलं की तुला कोलशेत ठाऊक आहे. पण मला वाईट वाटलं नाही रे. उलट वाटलं की मग गावाच्या बाहेर सगळ्यांनाच नव्यानं शिकावं लागतं, म्हणजे मलाही जाता येईल.

दुसऱ्या दिवशी सगळं उतरवून पलीकडच्या दाराशी पुन्हा बांधलं. म्हातारा खाटेवर बसून बघत होता. मध्येच तो आपल्याशी पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "हमारे सिंध के हैदराबाद में घर के सिर पर मुँह होता था. हवा पीने को." तुला कळलं नाही. त्यानं दोन्ही हात डोक्यावर धरून एका बाजूला उघडे केले आणि दाखवलं, असं, छपरावर उभं केलेलं, एका बाजूनं उघडं, वारा पकडून खाली घरात सोडणारं. सगळ्या घरांना, सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला. बोलताना त्याचा चेहरा वर होता, आणि वर आपले झाप होते. तू त्या हातांकडे बघितलंस. मग विचारलंस, "आन पाऊस?" म्हातारा म्हणाला, "बारिश कहाँ थी बाबा." पावसाशिवाय गाव असतं हे तुला खरं वाटेना. पुढे किती दिवस तू गावात जो भेटेल त्याला सांगायचास, "त्यांच्या घराच्या डोक्यावर तोंड अस्तंय!" लोक हसायचे. पाटील म्हणाला, "मंग खातान कुठशी रं ती मानसं?" तूही हसायचास. पण मग वर आपल्या छपराकडे बघायचास.

परत येताना होडीत तू मला म्हणालास, "हसलास ता बरा केलास. चुकला तं हसाचाच." मी मान खाली घातली. "पन तिच्यासमोर नाय हसाचा. मना सांगून माझ्यासमोर हसाचा. तिला घर नाय, तिला वाटला आपन तिला हसतो." मला तोवर हे सुचलंही नव्हतं. ओहोटी लागलेली, होडी आपली आपण चाललेली.

त्याच्या पुढच्या वर्षी तुला दम्यानं धरलं. माजघरात तुला धूर सोसवेना, म्हणून तुझी खाट पडवीत आणली. तू तिथून उठला नाहीस. गावची माणसं येतात, बसतात, तुझ्या खाटेच्या कडेला पाठ टाकून निजतात, जणू तूही त्यांच्यासारखाच वाटेत टेकलेला. तुझा श्वास ऐकत आय उंबऱ्यावर बसलेली असते. तू मला वळचणीकडे बोट करून म्हणतोस, "तिसऱ्या वाशाला कीड लागली, बदल." मी म्हणतो उद्या बदलतो. आणि बदलतोही, तुझ्या अंगावर भुसा पडू नये म्हणून तुझ्या तोंडावर धोतर टाकून. त्याच आठवड्यात तू गेलास. पहाट होती, कोळणी आलेल्या. त्यांतली एक टोपली खाली ठेवता ठेवता तुझ्याकडे बघून थांबली आणि आयला हाक मारली. घरच्यांच्या आधी बाहेरच्या बाईला कळलं. पडवीतला माणूस म्हटल्यावर असंच होणार.

त्यानंतर त्या खाटेवर मी निजायला लागलो. कुणी सांगितलं नाही. थोरला म्हणून ती जागा माझी झाली. आणि आता आय म्हणते तीच जागा.

बा, एक सांगतो. मागे एकदा रजेवर घरी आलेलो. आयनं पडवी सारवून ठेवलेली, खाट नव्या सुंभानं विणून घेतलेली. मी बॅग ठेवून बसलो नाही तोच लोक यायला लागले. पाणी झालं, चहा झाला, आणि मग एकेकानं तोच प्रश्न सुरू केला. "मंग, कवा चाललास परत?" पाटलानं विचारलं, होडीवाल्यानं विचारलं, कोळणीनं टोपली उतरवायच्या आत विचारलं. ज्या पडवीत आपण परक्याला हे कधी विचारलं नाही, तिथे मला सगळे हेच विचारत होते. वाईट हेतूनं नाही. कौतुकानंच. मी परदेशचा माणूस, जाणारच, मग कधी? मी हसून सांगायचो, महिना आहे अजून, पंधरा दिवस आहेत अजून. शेवटी एकदा जेवताना आयनंही विचारलं. तिला डब्यात सुकी मासळी बांधून द्यायची होती, म्हणून तिला दिवस हवा होता. मी घास तोंडात ठेवून तिच्याकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "काय रं, मीठ जास्त झाला?" मी म्हटलं, "नाही गं, बरोबर आहे."

आता तुला लिहिता लिहिता मध्ये उठून मी धाकट्याचं उत्तर लिहून टाकलं. पडवीला भिंत घाल म्हणून लिहिलं. सुनेला आणायला तू स्वतः खडवलीला जा, मामाला पाठवू नको, आणि तिला तिथेच सांग की दादानं हो म्हटलंय, हेही लिहिलं. आयला वेगळ्या दोन ओळी घातल्या, त्या धाकटा तिला वाचून दाखवेल. आणि मागच्या कोऱ्या बाजूवर खोली काढून दिली. चांगली काढलीय. आपल्या पडवीचे चार गाळे आहेत, त्यातले तीन खोलीत घ्यायचे. चौथा, चुलीच्या अंगाचा, जिथे माजघराचं दार येतं, तो उघडाच ठेवायचा. आय तिथे बसून मासळी साफ करते, आणि कोळणींना टेकायलाही एक जागा राहील. पूर्वेच्या भिंतीला खिडकी घ्यायची, सकाळचं ऊन आत येऊ दे, सुनेला दिवस उगवलेला कळेल. खोलीचं दार माजघरातून नको, चौथ्या गाळ्यातून घे, म्हणजे तिला कुणाच्या अंगावरून जावं लागणार नाही. आधी मी लिहिलेलं की भिंत छपरापर्यंत नेऊ नको, वर वीतभर फट ठेव, वारा खेळेल. इथे आम्ही असंच करतो. मग लक्षात आलं की वाऱ्याबरोबर आवाजही बाहेर जातो, आणि ती नव्या नवरा-बायकोची खोली. ते खोडलं. कुडाची भिंत वरपर्यंत ने म्हणून लिहिलं आणि वाऱ्यासाठी कडेच्या भिंतीत एक झरोका दाखवला. वळचण आहे तशीच ठेव म्हटलं. वाकायला लागलं तरी ठेव.

खाट मात्र चौथ्या गाळ्यात मावत नाही. आय बसेल, तिची विळी राहील, एखादी टोपली राहील. माणसाला पाय पसरून निजता येणार नाही. आयला लिहिलं की मी आलो तर गावातच मामाकडे निजेन, त्यात काय.

पण पडवी कोपऱ्यावरून वळवता येते, बा. ते तुलाही कळलं असतं, एका नजरेत. उत्तरेच्या अंगाला, जिथे शेळ्या बांधतात, तिथे दोन खांब घेऊन छप्पर तसंच पुढे वळवायचं. त्या बाजूला दुपारचं ऊन फारसं येत नाही, खाडीचा वारा कडेनं लागतो, आणि एका माणसाची खाट आरामात राहते. शेळ्या परसात जातील. मागच्या थंडीत एका साहेबाच्या घराला मी असंच वळण दिलंय, त्यानं मित्रांना बोलावून दाखवलं. धाकट्याला ते जमलं असतं. त्याच्या हातात तुझा हात आहे. मला कागदावर पेन्सिलीच्या चार रेघा ओढायच्या होत्या, आणि पेन्सिल हातात होती. सुनेला खोली मिळाली असती, आयच्या जिवालाही बरं वाटलं असतं, आणि घरात माझी जागा राहिली असती. त्या कोपऱ्यात मी एकही रेघ ओढली नाही. मग कागदाची घडी घातली.

पाकीट चिकटवलंय, उद्या फोरमनच्या हाती डाकेला देईन. हा कागद मात्र कुठे द्यायचा नाही. पेटीत तळाशी राहील, नाहीतर एखाद्या दिवशी चहाच्या चुलीत जाईल. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पाकीट चिकटवलं आणि मला सपाटून भूक लागली. पत्र आल्यापासून मी धड जेवलो नव्हतो. खोलीत सकाळची रोटी होती, थोडे खजूर होते, ते मी उभ्याउभ्याच सगळे खाल्ले, बा. छान लागले.